दादरच्या पुढची मुंबई



कापसाची वेचणी भरात आली की आमच्या किनवट भागात दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. आज कोणी किती किलो वेचला, हा एक. आणि 6 डिसेंबरला किती दिवस उरले, हा दुसरा. बायका वेचता वेचता बोटे मोजतात. पांढरी साडी धुऊन ठेवलेली असते. दशम्या कोणी करायच्या, शेंगदाण्याची चटणी कोणी कुटायची, हे ठरते. मग 4 तारखेला नाहीतर 5 तारखेला वळकट्या आणि पिशव्या घेऊन सारा मोहल्ला किनवट स्टेशनावर उभा असतो. नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ. आदिलाबादकडून येतानाच डबे भरलेले असतात, आणि भोकर, मुदखेड, नांदेड करीत गाडी पूर्णेला पोहोचेपर्यंत संडासाच्या दारातसुद्धा माणसे बसलेली असतात.

आम्हीही असेच जात आलो. दादरला उतरायचे, लोंढ्याबरोबर शिवाजी पार्क गाठायचे, मंडपात वळकटी टाकायची, रांगेत उभे राहायचे, दर्शन घ्यायचे, पुस्तकांच्या दुकानांवरून दोनचार पुस्तके, एक कॅलेंडर आणि पोरांसाठी निळी टोपी घ्यायची, आणि 6 च्या रात्री नाहीतर 7 च्या सकाळी परतीची गाडी धरायची. फार झाले तर एखादा म्हणतो, आलोच आहोत तर गेट वे बघून जाऊ. तिथे फोटो काढला की मुंबई पाहून झाली.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. त्या एकदा म्हणाल्या, "बाबा, मी बारा खेपा मुंबईला गेले. पण कोणी इचारलं की मुंबईत काय पाह्यलं, तर मी सांगते, रांग पाह्यली." आम्ही हसलो. मग त्यांनी विचारले, "बाबासाहेब आन् रमाई ज्या चाळीत राह्यचे, ती खोली दादरपासून किती लांब हाय?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आम्ही चार बुके वाचलेली माणसे, भाषणेही करतो. पण ती खोली आम्हीही पाहिलेली नव्हती. आणखी लाज याची वाटली की आमच्या घरातल्या एका पेशंटला घेऊन आम्ही परळच्या टाटा हॉस्पिटलात महिनाभर ये-जा केली होती. बाहेरच्या फुटपाथवर मराठवाड्यातली कितीतरी माणसे भेटली होती. त्या फुटपाथपासून बाबासाहेबांची चाळ पायी जाण्याच्या अंतरावर होती, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्ही कोणाला विचारले नाही. गरीब माणसाला मुंबई दोनच कारणांनी ठाऊक असते, एक दादर आणि दुसरे दवाखाना.

तेव्हा त्या वर्षी आम्ही ठरवले की दोन दिवस जास्त राहायचे. आजी धरून नऊ माणसे तयार झाली. दोन दिवसांचे रोज बुडणार होते, ही गोष्ट लहान नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिले सांगायचे ते 7 तारखेबद्दल. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत, 26 अलीपूर रोड येथे झाले. पार्थिव विमानाने मुंबईत आणून राजगृहात ठेवले होते. अंत्ययात्रा निघाली ती 7 डिसेंबरला. दादरच्या समुद्राकाठी अग्निसंस्कार झाला तोही 7 लाच. त्याच ठिकाणी, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारो-लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. 16 डिसेंबरला बाबासाहेब स्वतः मुंबईत दीक्षा देणार होते, ती दीक्षा लोकांनी अशी घेतली. म्हणजे ज्या दिवशी हा सगळा समाज रडत रस्त्यावर उतरला होता, त्या दिवशी आपण मात्र परतीच्या गाडीत जागा शोधत असतो. आज जो चैत्यभूमीचा स्तूप आपण पाहतो त्याचे उद्घाटन 5 डिसेंबर 1971 रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. त्याचे तोरण सांचीच्या तोरणासारखे आहे. 7 तारखेला सकाळी तिथे गेलो तर रांग जवळजवळ नव्हती. आजींनी स्तूपाला शांतपणे प्रदक्षिणा घातली आणि मग मागच्या बाजूला जाऊन समुद्राकडे बघत बसल्या. बारा खेपांत समुद्र इतका जवळून त्यांनी पाहिला नव्हता. रांगेत असताना पुढच्याची पाठच दिसते.

तिथून आम्ही परळला गेलो. केईएम हॉस्पिटलच्या भागात, पोयबावडीजवळ, इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळी आहेत. लोक त्यांना बीआयटी चाळ म्हणतात. एक नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर 50 आणि 51 नंबरच्या खोल्या, इथे बाबासाहेब 1912 पासून 1934 पर्यंत राहिले. मध्ये अमेरिका आणि लंडनची वर्षे गेली, पण घर हेच होते. बाविसेक वर्षांचा काळ झाला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा 1930 चा, गोलमेज परिषदा 1930 ते 1932 च्या, पुणे करार 1932 चा. हे सारे करणारा माणूस परत येऊन या जिन्याने वर चढत होता.

जिना चढताना आजी मधेच थांबल्या. आम्हाला वाटले दम लागला. त्या म्हणाल्या, "रमाई पान्याची घागर घिऊन ह्याच पायऱ्यांनी चढली असंल न्हाई?"

वाचकहो, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे रमाईंनी गमावली. नवरा परदेशात शिकत असताना संसार त्यांनी एकटीने ओढला. पुस्तकात हे आपण सगळेच वाचतो, जयंतीला गाण्यांत ऐकतो. पण खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी पाहिली, सामाईक गॅलरी पाहिली, की कळते की इतक्याशा जागेत हा अभ्यास, ही गरिबी आणि ही दुःखे एकत्र राहत होती. आमच्याबरोबरची दहावीतली मुलगी म्हणाली, "आपलं घर याच्यापेक्षा मोठं आहे." तिच्या आईने तिच्याकडे नुसते पाहिले. "घरात अभ्यासाला जागा नाही" ही तिची रोजची तक्रार आहे.

याच चाळीत छत्रपती शाहू महाराज बाबासाहेबांना शोधत आले होते. कोल्हापूरचा राजा मजुरांच्या चाळीत! चाळीजवळच दामोदर हॉल. तिथे 9 मार्च 1924 रोजी सभा भरली आणि त्यातून पुढे 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तो हॉल 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद करण्यात आला. बीआयटी चाळींच्या पुनर्विकासाची बोलणीही बरीच वर्षे चालली आहेत. स्मारक व्हावे अशी मागणी आहे, तसे शासनानेही जाहीर केलेले आहे. पण जे आज उभे आहे ते उद्या तसेच दिसेल याची हमी मुंबईत कोणी देत नाही. दादर पूर्वेचे आंबेडकर भवन आठवा. तिथे बुद्धभूषण प्रेस होती, बाबासाहेबांच्या चळवळीचा कागद तिथे छापला जात होता. जून 2016 मध्ये एका पहाटे ती वास्तू पाडली गेली. दरवर्षी दादरला उतरणाऱ्या आपल्यासारख्या किती जणांनी ती त्याआधी पाहिली होती? आम्ही नाही पाहिली.

एक सूचना. चाळीत कुटुंबे राहतात. ते लोकांचे घर आहे. घोळका करून, घोषणा देत जाऊ नये. आधी खाली कोणाला तरी विचारावे, हळू बोलावे, चपला आणि कचरा याचे भान ठेवावे, आणि लोकांनी 'आता नको' म्हटले तर गॅलरीतून नमस्कार करून परत फिरावे. आम्हाला एका बाईंनी पाणी विचारले, ती त्यांची माणुसकी. तो आपला हक्क समजू नये.

परळहून डॉ. आंबेडकर रोडने दादरकडे परत यावे. हा पूर्वीचा व्हिन्सेंट रोड, अंत्ययात्रा ह्याच रस्त्याने गेली होती. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह आहे. 1933 च्या सुमारास बांधून पूर्ण झालेले हे घर बाबासाहेबांनी मुख्यतः पुस्तकांसाठी बांधले. मगधाची जुनी राजधानी राजगृह, जिथे बिंबिसार राजा तथागतांना भेटला, तिचे नाव घराला दिले. धर्मांतराची घोषणा व्हायला अजून दोन वर्षे होती, पण मनात काय चालले होते ते दारावरच्या नावात लिहिलेले होते! पन्नास हजारांच्या वर ग्रंथ इथे होते असे सांगतात. रमाईंचे निधन याच घरात 27 मे 1935 रोजी झाले. चाळीतून मोठ्या घरात येऊन त्यांना फार थोडी वर्षे मिळाली. जुलै 2020 मध्ये या वास्तूच्या आवारात मोडतोड झाली तेव्हा आपल्या गावोगावच्या लोकांनी निषेध केला होता. त्या निषेधात आम्हीही होतो, घर न पाहिलेले! खालच्या मजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि फोटो आहेत. वर आंबेडकर कुटुंबीय राहतात, म्हणून वेळेचे बंधन पाळावे.

पहिला दिवस एवढ्यात संपला. रात्री एका ओळखीच्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात झोपलो. वंदना घेतली, दशम्या सोडल्या. विहाराच्या दानपेटीत प्रत्येकी जमेल तसे टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सीएसएमटीला, म्हणजे जुन्या बोरीबंदरला उतरलो. 1888 साली पूर्ण झालेली ही इमारत पाहण्यासारखी आहे, पण आमचे काम पुढे होते. तिथून आझाद मैदानाच्या कडेने महापालिका मार्गावर एल्फिन्स्टन हायस्कूल आहे. या शाळेतून भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले. शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातली पोरे धावत जाऊन डबे उचलू लागली, ती हीच शाळा. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली तेही याच काळात. आम्ही पोरांना शाळेसमोर उभे करून ही गोष्ट सांगितली. एकाने विचारले, "मग त्यांनी गणित सोडवलं का?" सोडवले, असे आम्ही म्हणालो.

चर्नी रोड स्टेशनाला लागून एक बाग आहे, आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी तिथेच त्यांना भेटले. गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी या मुलाच्या हाती दिले. बागेत तसे काही पाहायला नाही, नेहमीसारखी झाडे आणि बाकडी. आम्ही तिथे दशम्या खाल्ल्या.

फोर्टमध्ये डॉ. दादाभाई नौरोजी रोडच्या भागात आनंद भवन आणि बुद्ध भवन आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटी 1945 साली निघाली आणि 1946 च्या जूनमध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्याचे थोरले-धाकटे नाते आपल्या मराठवाड्याशी आहे. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय 1950 चे, त्याच संस्थेचे. आपल्या भागातली शिकलेली पहिली पिढी मिलिंदमध्ये घडली. तिचे मूळ घर पाहिल्यासारखे वाटले.

मग काळाघोडा. एका बाजूला एल्फिन्स्टन कॉलेज, जिथून 1912 साली बाबासाहेब बी.ए. झाले, सयाजीराव गायकवाडांच्या महिना 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. तिकीट काढावे लागते आणि आमच्यात त्यावरून कुरकूर झाली. कुरकूर करणाऱ्यांनाही आम्ही आत ओढून नेले, कारण आत एक दगड आहे.

हा दगड सोपाऱ्याला सापडला. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो शोधला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा हा तुकडा, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. पुढे 1956 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्याच वर्षी, त्याच भागात नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. मोडका, काळसर दगड आहे. पुढून माणसे न थांबता जातात. पण आठव्या लेखात काय आहे ते पाहा. अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे मौजेच्या सहलीला. शिकार करीत आणि तसलेच इतर खेळ करीत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचे तर श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, दान द्यायचे, म्हाताऱ्या माणसांना भेटायचे, त्यांना मदत करायची, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटायचे, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचे. आणि यातच आपल्याला जास्त आनंद होतो, असे राजा म्हणतो.

बावीसशे वर्षांपूर्वी सहल आणि धम्मयात्रा यांतला फरक दगडात कोरून समुद्राकाठच्या बंदरात लावला होता. येणारे-जाणारे व्यापारी, खलाशी, हमाल ह्यांनी तो वाचावा म्हणून. आम्ही लेखाचा अर्थ सांगितला तेव्हा आजी म्हणाल्या, "म्हाताऱ्या मानसांना भेटायचं, आसं लिव्हलंय का त्यात? मंग बरं हाय." तिकिटाची कुरकूर तिथे थांबली.

सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. आपल्याकडची कितीतरी मजूर कुटुंबे आज तिथे राहतात. आम्ही पूर्वी एकदा एका लग्नाला गेलो असताना तिथला स्तूप पाहिला होता. स्टेशनच्या पश्चिमेला, रिक्षाने जाता येते. विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, झाडे आहेत, शांतता आहे. गावातले लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. कोणाचे होते हे विसरले की लोक असे काहीतरी नाव ठेवून देतात. नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, तसेच आपल्या माहूरच्या लेण्यांनाही. 1882 साली हा कोट उकरला तेव्हा आत दगडी पेटी निघाली. पेटीत एकात एक करंडक होते, तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते आणि सोन्याची फुले होती. शिवाय मैत्रेय आणि सात बुद्ध अशा आठ लहान मूर्ती होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे, फोर्टमधल्या टाऊन हॉलच्या इमारतीत आहे. तो नेहमी सर्वांसाठी मांडलेला नसतो, म्हणून आधी चौकशी केल्याशिवाय म्हाताऱ्यांना त्या तीस पायऱ्या चढवू नयेत.

सोपाऱ्याचे नाव पाली वाङ्मयात सुप्पारक म्हणून येते. सुनापरांत देशाचा पुण्ण, म्हणजे पूर्ण, हा इथलाच व्यापारी असे परंपरा सांगते. तो भिक्खू झाला आणि आपल्या मुलखात धम्म सांगायला परत निघाला तेव्हा तथागतांनी त्याला विचारले की तिकडचे लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, हाताने मारले नाही म्हणून ते चांगले असे मी समजेन. हाताने मारले तर? दगडाने मारले नाही म्हणून चांगले. असे करीत प्रश्न जिवावर येतो तरी पुण्ण डगमगत नाही. तेव्हा तथागतांनी त्याला जायला परवानगी दिली. गावकुसाबाहेर ज्यांनी शिव्या आणि दगड दोन्ही खाल्ले त्या आमच्या लोकांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. नंदीग्राम पूर्णा जंक्शनला थांबते तेव्हा आम्हाला हा पुण्ण आठवतो. त्या गावाचे नाव नदीवरून आहे, गोष्टीशी त्याचा संबंध नाही, पण आठवतो खरा.

आणि आपला मराठवाडा या बंदराला परका नव्हता. पैठणहून जुन्नर, तिथून नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारा असा सातवाहनांच्या काळचा व्यापारी रस्ता होता. बैलांच्या पाठीवर माल जायचा, त्याच्याबरोबर भिक्खू चालायचे. वाटेवर लेणी का आहेत ते यावरून कळते.

तिसऱ्या दिवशी कान्हेरी. वेळ थोडा असेल तर बाकी सारे सोडा, पण परळची चाळ आणि कान्हेरी सोडू नका, असे आमचे मत आहे. बोरीवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, उद्यानाची बस जाते. सोमवारी बंद असते हे नीट लक्षात ठेवा. 7 किंवा 8 तारखेला सोमवार येतो का ते कॅलेंडरात पाहूनच बेत करा. माकडे हातातली पिशवी ओढतात. दशमी उघडी धरू नये.

शंभरावर लेणी आहेत, एकाच काळ्या डोंगरात. जुन्या लेखांत या डोंगराला कण्हसेल म्हटले आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि हजार वर्षे इथे भिक्खूसंघ नांदला. तीन नंबरचे लेणे म्हणजे चैत्यगृह. ओसरीत दोन्ही बाजूंना उभ्या बुद्धमूर्ती, प्रत्येकी सुमारे 23 फूट उंच. आजींनी मान वर करून पाहिले आणि पदर डोक्यावर घेतला. अकरा नंबरचे लेणे दरबार म्हणून ओळखले जाते. त्यात लांबच लांब बुटके दगडी ओटे आहेत, वेरूळच्या पाच नंबरसारखे. संघ एकत्र बसायचा. बाकीची लेणी बहुतेक लहान. एक खोली, झोपायला दगडी ओटा, पुढे पडवी, बाजूला पाण्याची पोढी. आमच्यातला गवंडीकाम करणारा एक जण पोढ्यांपाशीच रमला. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी दगडात कोरलेल्या चऱ्यांनी कसे खाली आणले आणि प्रत्येक लेण्याशेजारी कसे साठवले, हे त्याने आम्हाला दाखवले. आम्हाला ते दिसलेच नसते. तो म्हणाला, "मिस्त्री हुशार होते." बाराही महिने जंगलात राहायचे तर असे पाणी हवेच.

भिंतींवर लेख आहेत. ते राजांचे कमी आणि साध्या माणसांचे जास्त. कल्याणचा सोनार, लोहार, सोपाऱ्याचा व्यापारी, कोणी गृहिणी, कोणी भिक्खुणी. कोणी पोढी दिली, कोणी खोली, कोणी ओटा. काहींनी रक्कम कायम ठेवून दिली, तिला अक्षयनीवी म्हणत. मूळ पैशाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्खूंना चीवर द्यायचे. आपल्या बचतगटातल्या बायकांना हे चटकन कळते. आमच्या मोहल्ल्यात विहाराच्या भिंतीसाठी वर्गणी गोळा करताना 'मजुरांनी कुठून द्यायचे' असे बोलणारे भेटतात. त्यांना आता आम्ही कल्याणच्या लोहाराचे नाव सांगतो.

वरच्या बाजूला 41 नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, आणि 90 नंबरात इसवी सन 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. आजी तिथपर्यंत चढल्या नाहीत. आजच्या पाहुण्यांनी मात्र खडू-कोळशाने नावे लिहू नयेत, मग ते नाव 'जयभीम' का असेना.

इतर ठिकाणे थोडक्यात. गोराईचा विपश्यना पॅगोडा 2009 साली खुला झाला. आत एकही खांब नसलेला घुमट आहे, आठ हजार माणसे ध्यानाला बसतील इतका मोठा. खाडीतून बोटीने जाता येते आणि एखादी दुपार चांगली जाते. घारापुरीला शंकराची लेणी सगळे पाहतात, पण त्याच बेटावर बौद्ध लेणी आणि विटांचा स्तूपही आहे. बोटीचा खर्च मात्र नऊ माणसांना परवडला नाही. गेट वे पाहिला. तो 1924 साली पूर्ण झाला, म्हणजे बाबासाहेब 1913 साली अमेरिकेला निघाले तेव्हा तिथे ही कमान नव्हती. घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर हे काही पाहण्याचे ठिकाण नाही. 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर तिथे गोळीबार झाला आणि दहा माणसे गेली. आम्ही येताना तिथे उतरलो, मेणबत्ती लावली आणि निघालो.

आता पैशाचे. नऊ माणसांत सर्वांत मोठा खर्च तिकिटांचा किंवा खाण्याचा नव्हता, बुडालेल्या रोजाचा होता. लोकलचे तिकीट स्वस्त, जेवण बरोबरचे, झोपायला विहार. पण वेचणीच्या दिवसांत दोन-तीन रोज म्हणजे घरातल्या दोन बायकांचे मिळून सहा रोज. म्हणून आम्ही यंदा असे केले आहे की आषाढ पौर्णिमेपासून दर पौर्णिमेला वंदनेनंतर प्रत्येक घराने जमेल तेवढी रक्कम एका डब्यात टाकायची. हिशेबाची वही दोन बायकांकडे. ज्या घरचा रोज बुडेल त्याला त्यातून थोडा हातभार लावायचा. सगळे भरून निघत नाही, पण 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांतले चार जण तयार झाले. दहावीतली ती मुलगी आता कॉलेजात आहे, तिने कोणत्या स्टेशनावर गाडी बदलायची त्याचा नकाशा वहीच्या पानावर काढला आहे. गर्दीत चुकामूक झाली तर सर्वांनी दादरला कोणत्या पुलाखाली जमायचे तेही त्यावर लिहिले आहे. लहान पोरांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी, हे आम्ही एका मुलाला दीड तास शोधल्यावर शिकलो.

मागच्या रविवारी विहारात नावे लिहून घेतली. आजींनी पहिले नाव स्वतःचे सांगितले. गुडघे दुखतात, कान्हेरी पुन्हा नको म्हणाल्या. सोपारा राहिला आहे, तो सपाटीवर आहे ना, एवढे विचारून घेतले.